पोर्टल हायपरटेन्शन: रक्तवाहिन्या सैल, मग त्या आवळणारी हार्मोन्स जास्त का?

फार्माकॉलॉजीत एमडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: पोर्टल हायपरटेन्शन (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला वाढलेला दाब) असलेल्या रॅटमध्ये धमन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग त्याच आजारात रेनिन, अल्डोस्टेरॉन, नॉरॲड्रेनलिन, व्हॅसोप्रेसिन ही रक्तवाहिन्या आवळणारी किंवा मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोन्स वाढलेली कशी? धमन्या सैल करण्यात ग्लुकागॉनचा, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या हार्मोनचा, वाटा नेमका किती? आणि प्रबंधासाठी कोणतं मॉडेल घ्यावं, रक्त कधी आणि कसं काढावं?

उत्तर लांबणार आहे. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि मॉडेलचा प्रश्न आधी सोडवला नाही तर हार्मोनचा सुटत नाही. पोर्टल हायपरटेन्शनमध्ये अमुक हार्मोन वाढतं, असं सरसकट वाक्य कुठे दिसलं की मी आधी बघतो की प्राणी कोणता, यकृत चांगलं की खराब आणि कितवा दिवस. या तीन गोष्टी दिल्या नसतील तर त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही.

सर्वांत जास्त वापरलेल्या मॉडेलपासून सुरुवात करू, म्हणजे पोर्टल शिरेचं अर्धवट बंधन. रॅटचं पोट उघडायचं, यकृताकडे जाणारी पोर्टल शीर आजूबाजूच्या ऊतींपासून मोकळी करायची. 20 गेजची, टोक बोथट केलेली सुई शिरेला लागून लांबीच्या दिशेने ठेवायची आणि शीर व सुई या दोन्हींभोवती 3-0 रेशमी धाग्याची गाठ मारायची. मग सुई अलगद ओढून काढायची. शीर त्या सुईच्या जाडीएवढी, म्हणजे जेमतेम 0.9 मिमी, उघडी राहते. गाठ बसताच आतडी काळपट-जांभळी होतात आणि सुई निघाल्यावर हळूहळू रंग परततो. तो परतला नाही तर शीर पूर्ण बंद झाली आहे, आणि असं जनावर फार वेळ तग धरत नाही. ही पद्धत अमेरिकेत येल विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रॉबर्टो ग्रोझमन यांच्या प्रयोगशाळेने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली आणि रक्तप्रवाहाची पुढची बरीचशी भौतिकी त्याच रॅटवर लिहिली गेली.

या रॅटचं यकृत जवळजवळ निरोगी असतं, हे पक्कं लक्षात ठेवा. अडथळा यकृताच्या बाहेर आहे. आपल्याकडच्या लहान मुलांमध्ये पोर्टल शीर गुठळीने बंद पडल्यावर जो आजार दिसतो त्याच्याशी हे मॉडेल जवळचं आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजाराला एखादा परिच्छेद मिळतो, पण भारतात मुलांना रक्ताची उलटी होण्यामागे तो नेहमीचं कारण आहे. दारू किंवा हिपॅटायटिसमुळे सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) झालेल्या माणसाचं प्रतिबिंब मात्र या रॅटमध्ये शोधू नका.

आता दिवसांचा हिशेब. गाठ मारताच पोर्टल दाब चढतो, आणि तो शुद्ध अडथळ्यामुळे चढतो. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, हे साधं गणित. पहिल्या दिवशी वाढलेला असतो तो फक्त रोध. मग आडवाटा उघडायला लागतात. आठवड्याभरात पोर्टल रक्ताचा बहुतेक भाग, बऱ्याचदा 90 टक्क्यांहून जास्त, यकृताला वळसा घालून थेट मोठ्या अभिसरणात जातो. निरोगी रॅटमध्ये हे प्रमाण जवळपास शून्य असतं. इतक्या आडवाटा झाल्यावर दाब खाली यायला हवा, असं कोणीही म्हणेल. तो येत नाही. निरोगी रॅटमध्ये साधारण 7 ते 9 मिमी पारा असणारा पोर्टल दाब या रॅटमध्ये 13 ते 15च्या आसपास टिकून राहतो, कारण तोवर आतड्यांकडून पोर्टल शिरेत येणारा प्रवाहच वाढलेला असतो. ग्रोझमन यांच्या गटाने 1983 आणि 1985च्या निबंधांतून हेच मांडलं: आजार सुरू होतो रोधामुळे आणि टिकतो प्रवाहामुळे. माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण हेच, कारण पुढची सगळी औषधं याच्यावर उभी आहेत.

याच गटाने 1992 मध्ये क्रमही लावून दाखवला. आधी धमन्यांचा रोध उतरतो, मग प्लाझ्माचं आकारमान वाढतं आणि त्यानंतर कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला फेकतं ते रक्त, चढतं. हे सगळं पहिल्या चारेक दिवसांत होतं. धमन्या सैल झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही, आणि प्लाझ्मा वाढल्याशिवाय हृदयाला जास्त रक्त फेकता येत नाही. म्हणजे मूत्रपिंडाने मीठ धरून ठेवणं हा या कथेचा मधला दुवा आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथूनच निघतं.

इमारतीत तळमजल्यावरच्या सगळ्या घरांनी नळ सोडून ठेवले तर पंप दुप्पट चालला तरी तिसऱ्या मजल्यावर धार बारीकच येते. इथे तळमजला म्हणजे आतडी, प्लीहा, स्वादुपिंड यांच्या धमन्या. एकूण रक्त जास्त, कार्डियाक आउटपुट जास्त, पण मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या चेतातंतूंना, तसंच मूत्रपिंडाला जाणवतं ते ‘कमी पडतंय’ एवढंच. त्यावर शरीराचं उत्तर ठरलेलं आहे: रेनिन सोडा, सिंपथेटिक चेतासंस्थेचा ताण वाढवा, व्हॅसोप्रेसिन सोडा. 1988 मध्ये रॉबर्ट श्रायर आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी नीट शब्दांत केली. त्याआधी 1953 मध्येच कोवाल्स्की आणि ॲबेलमन यांनी सिरोसिसच्या रुग्णांमध्ये कार्डियाक आउटपुट वाढलेलं असतं हे मोजून ठेवलं होतं, पण कारणाची साखळी जुळायला बराच काळ गेला.

थोडक्यात, आवळणारी हार्मोन्स वाढलेली आहेत ती धमन्या सैल आहेत म्हणूनच. विरोधाभास वाटतो तो आपण सगळ्या धमन्या एकच धरतो म्हणून. मूत्रपिंडाच्या धमन्या ती हार्मोन्स ऐकतात आणि आवळतात. आजार पुढे गेला की त्वचा, स्नायू, मेंदूकडच्याही आवळतात. आतड्यांच्या धमन्यांना मात्र ऐकूच येत नाही. पोर्टल हायपरटेन्शनच्या रॅटमधून मेझेंटरिक, म्हणजे आतड्याच्या, धमनीचा तुकडा काढून ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रवाच्या भांड्यात) लावलात आणि नॉरॲड्रेनलिनचे चढते डोस दिलेत तर डोस-प्रतिसादाचा वक्र उजवीकडे सरकलेला दिसतो, म्हणजे तेवढंच आवळायला जास्त डोस लागतो, आणि त्याचा माथाही बऱ्याचदा खाली येतो. फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग एकदा हाताने करून पाहावाच.

ऐकू न येण्याचं मोठं कारण नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे धमनी सैल करणारा वायू. 1991 मध्ये व्हॅलन्स आणि मोंकाडा यांनी ही कल्पना मांडली, आणि दोनच वर्षांत रॅटमध्ये नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखल्यावर धमन्यांचा सैलपणा, प्लाझ्माची वाढ आणि मीठ साठणं, तिन्ही कमी झाल्याचे निबंध आले. आधी सगळ्यांचा संशय जंतूंच्या विषाने चेतणाऱ्या एन्झाइमवर होता. नंतर दिसलं की मुख्य काम धमनीच्या अस्तरातल्या नेहमीच्या एन्झाइमचं आहे. सिरोसिसच्या रॅटमध्ये आतड्यातले जंतू लसिकाग्रंथींपर्यंत पोचले की तेच एन्झाइम आणखी जोरात चालतं, हे 1999 मध्ये रायनर वीस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण 2002 मध्ये हे एन्झाइम नसलेल्या उंदरांतही हायपरडायनॅमिक अभिसरण (सैल धमन्या, वाढलेलं कार्डियाक आउटपुट) तयार होतं हे दिसलं आणि ‘सगळं काही नायट्रिक ऑक्साइड’ म्हणणारे थोडे गप्प झाले. एक वाट बंद केली की शरीर दुसरी शोधतं: प्रोस्टासायक्लिन, कार्बन मोनॉक्साइड, कॅनाबिनॉइड. शेवटच्याचा पुरावा रॅटमध्येच 2001 साली आला.

2006 मधला एक प्रयोग मला फार आवडतो. 20ऐवजी 18 आणि 16 गेजच्या, म्हणजे जाड सुया वापरून पोर्टल दाब अगदी थोडा वाढवला, तरीही आतड्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) आणि नायट्रिक ऑक्साइडचं एन्झाइम वाढलं. म्हणजे आतड्याला दाबातला किरकोळ फरकही कळतो, आणि सुरुवात तिथेच होते.

आता ग्लुकागॉन. 1980च्या दशकात हा या नाटकाचा नायक होता आणि नायट्रिक ऑक्साइड आल्यावर त्याला विंगेत ढकललं गेलं. दोन्ही वेळा अतिरेक झाला, असं माझं मत. पोर्टल हायपरटेन्शनच्या रॅटचं रक्त निरोगी रॅटच्या आतड्यातून फिरवलं की त्या निरोगी आतड्याच्या धमन्याही सैल पडतात, म्हणजे रक्तात काहीतरी वाहतं आहे, हे बेनॉइट, ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. मग 1986 मध्ये त्यांनी निरोगी रॅटमध्ये ग्लुकागॉन देऊन त्याची पातळी आजारी रॅटएवढी आणली. आतड्याचा प्रवाह वाढला, पण आजारी रॅटमध्ये जेवढा वाढतो त्याच्या साधारण 30 ते 40 टक्केच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हाच आकडा धरा, तोही या मॉडेलपुरता.

ग्लुकागॉन वाढतं कशाने? ‘यकृताला वळसा घातला म्हणून मोडलं जात नाही’ हे सोपं उत्तर विद्यार्थी परीक्षेत लिहितात. ते अपुरं आहे. यकृत एका फेरीत इन्सुलिनचा जवळपास निम्मा भाग काढून घेतं, ग्लुकागॉनचा त्याहून बराच कमी. त्यामुळे नुसत्या वळशाने एवढी वाढ होणार नाही. स्वादुपिंडाच्या अल्फा पेशीच जास्त स्रवतात. सोमॅटोस्टॅटिन (ग्लुकागॉनला आवर घालणारं हार्मोन) दिलं की ग्लुकागॉन उतरतं आणि पोर्टल प्रवाहही उतरतो. रक्तस्रावाच्या रुग्णाला आपण ऑक्ट्रिओटाइड, म्हणजे सोमॅटोस्टॅटिनसारखंच औषध, लावतो त्यामागच्या तर्काचा एक धागा इथे आहे. शिवाय ग्लुकागॉन दोन प्रकारे काम करतं: स्वतः धमनी सैल करतं, आणि आवळणाऱ्या हार्मोन्सना धमनी जो प्रतिसाद देते तो बोथट करतं. मला यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण वर म्हटलेल्या बहिरेपणात त्याची भर पडते.

हार्मोनवाले एक गोष्ट विसरतात, म्हणून जाता जाता सांगतो. कॅप्सेसिन देऊन, म्हणजे मिरचीच्या तिखटातल्याच द्रव्याने, आतड्यातले संवेदी चेतातंतू निकामी केले की रॅटमध्ये हायपरडायनॅमिक अभिसरण तयारच होत नाही. हे काम सॅम्युअल ली यांच्या कॅल्गरीच्या गटाचं, 1993चं. त्याच गटाने 2002 मध्ये मेंदूतलं सी-फॉस हे जनुक रोखूनही तोच परिणाम मिळवला. नुसत्या रक्तातल्या पातळ्यांवर प्रबंध उभा करणार असाल तर परीक्षक इथे बोट ठेवू शकतो.

मॉडेल बदललं की हार्मोनचं चित्र कसं बदलतं ते पाहा. अर्धवट बंधनाच्या रॅटमध्ये मीठ साठतं ते सुरुवातीच्या काही दिवसांत. प्लाझ्मा भरला की नवा तोल बसतो आणि जलोदर, म्हणजे पोटात पाणी, सहसा होत नाही. तिसऱ्या आठवड्यात रेनिन-अल्डोस्टेरॉन मोजून ते मोठं वाढलेलं मिळेल अशी आशा धरू नका. ती वाढ हवी असेल तर सिरोसिसचा रॅट घ्या, तोही जलोदर झालेला. कार्बन टेट्राक्लोराइड आणि पिण्याच्या पाण्यात फिनोबार्बिटोन ही जुनी पद्धत. त्याला दोन-तीन महिने किंवा जास्तही लागतात, आणि मोजमापाआधी आठवडाभर दोन्ही बंद ठेवावी लागतात, नाहीतर तुम्ही सिरोसिसऐवजी विषबाधा मोजाल. बार्सिलोनाच्या गटाने मुळातच उच्च रक्तदाब असलेल्या जातीच्या रॅटमध्ये हा सिरोसिस तयार केला आणि शुद्धीवर असलेल्या जनावरांत दाखवलं की बीपी आधी उतरतं आणि मीठ साठणं नंतर सुरू होतं. जास्त बीपीच्या जातीत उतार स्पष्ट दिसतो, म्हणून ही निवड. अशी चलाखी प्रबंधात असली की वाचायला मजा येते.

पित्तनलिका बांधण्याचं मॉडेल झटपट आहे, चारेक आठवड्यांत सिरोसिस होतो. पण कावीळ आणि पित्ताम्लं यांचा धमन्यांवर, हृदयावर वेगळा परिणाम असतो, तो पोर्टल हायपरटेन्शनच्या नावावर खपवू नये. दुसरीकडे, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या रुंदावून ऑक्सिजन घसरण्याचा त्रास अभ्यासायचा असेल तर हेच मॉडेल लागतं. तो पित्तनलिका बांधलेल्या रॅटमध्ये होतो आणि पोर्टल शीर बांधलेल्या रॅटमध्ये होत नाही, कारण पहिल्यात यकृतातून एंडोथेलिन-1 हे हार्मोन रक्तात उतरतं. दाब दोघांतही आहे, हार्मोन एकातच.

कुत्र्यांवरचा एक जुना प्रयोग इथे सांगायलाच हवा. माँट्रियलमध्ये लेव्ही आणि सहकाऱ्यांनी सिरोसिस केलेल्या कुत्र्यांत शिरांची जोडणी दोन तऱ्हांनी केली. एका तऱ्हेत यकृताच्या आतला दाब उतरला, दुसरीत तो तसाच राहिला. सिरोसिस दोन्हींत. ज्यांच्या यकृतातला दाब उतरला त्या कुत्र्यांनी मीठ धरलं नाही की त्यांना जलोदर झाला नाही. हा 1983चा निबंध. यकृताच्या आतल्या दाबाचा मूत्रपिंडाशी स्वतःचा संवाद असावा, असं मानणारे याच कामाचा दाखला देतात. आणि ‘आधी धमन्या सैल’ म्हणणाऱ्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. मला विचाराल तर रॅटमधली साखळी पटते, पण हा कुत्रा माझ्या डोक्यातून जात नाही.

आता रक्त काढण्याकडे येऊ, कारण इथे प्रबंध बुडतात. 300 ग्रॅमच्या रॅटमध्ये एकूण रक्त 18-20 मिली. त्यातून 2 मिली काढलंत तर दहावा हिस्सा गेला. त्यानंतर काढलेल्या नमुन्यात रेनिन आणि व्हॅसोप्रेसिन वाढलेलं मिळेल ते तुमच्या सिरिंजमुळे. म्हणून या दोन्हींचा नमुना पहिला काढा आणि काढलेलं आकारमान लगेच भरून द्या. भूल ही दुसरी अडचण. ईथरने कॅटेकोलामाइन उसळतात, पेंटोबार्बिटोनने हृदय मंदावतं. हिमोडायनॅमिक्ससाठी, म्हणजे दाब-प्रवाह मोजायला, केटामिनकडे लोक वळले ते बीपी बऱ्यापैकी टिकतं म्हणून. हार्मोन मोजायचं असेल तर सर्वांत चांगलं म्हणजे आधी कॅथेटर घालून ठेवा, जनावराला सावरू द्या आणि शुद्धीवर, पिंजऱ्यात शांत असताना नमुना घ्या. तीव्र वेदना, धरपकड, नवीन माणूस, सगळं आकड्यात उतरतं.

ग्लुकागॉनसाठी नळी थंड हवी, ईडीटीए (गोठू न देणारं) आणि ॲप्रोटिनिन (प्रथिनं मोडणाऱ्या प्रोटिएझ एन्झाइमना रोखणारं) आधीच घातलेलं, आणि प्लाझ्मा वेगळा करून लगेच गोठवायचा. 29 अमिनो आम्लांचा तो रेणू प्लाझ्मातल्या प्रोटिएझना पटकन बळी पडतो. शिवाय आतड्यातून येणारे ग्लुकागॉनचे नातेवाईक रेणू अँटिबॉडीला फसवतात. जुन्या निबंधांत डॅलसच्या उंगर यांच्या 30के या अँटिबॉडीचा उल्लेख येतो तो यासाठी. ती स्वादुपिंडातलं ग्लुकागॉन बऱ्यापैकी वेगळं ओळखायची. आजच्या किटची माहितीपत्रिका याच प्रश्नासाठी वाचा. उपाशी ठेवल्यावर ग्लुकागॉन चढतं आणि खाल्ल्यावर पोर्टल प्रवाह चढतो, म्हणून नुसती पोर्टल शीर मोकळी करून न बांधलेल्या नियंत्रण गटालाही तेवढेच तास उपाशी ठेवा आणि दोन्ही गटांचे नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्या. सिरोसिसच्या गटात जनावरं वाळतात. तिथे नियंत्रण गटाला तेवढंच खाणं मोजून घालावं लागतं.

प्रवाह मोजायला अभिजात पद्धत किरणोत्सारी सूक्ष्मगोलकांची: 15 मायक्रोमीटरचे गोलक हृदयाच्या डाव्या जवनिकेत सोडायचे आणि त्याच वेळी मांडीच्या धमनीतून पंपाने मिनिटाला ठरावीक रक्त ओढायचं. गोलक नीट मिसळले की नाही हे दोन मूत्रपिंडांच्या आकड्यांवरून कळतं. त्यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो प्राणी बाद, कितीही मन दुखलं तरी. समस्थानिकांसाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी तुमच्या कॉलेजकडे नसेल तर रंगीत गोलक किंवा धमनीभोवती बसवायचा फ्लो प्रोब वापरा. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीचा अर्ज मात्र आधी, आणि त्यात भुलीचा व वेदनाशामकाचा तपशील भरपूर द्या. सीसीएसईएच्या (प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या) नियमांत तिथेच अर्ज अडकतात.

तुमच्यासाठी माझी निवड सांगतो. दोन वर्षांत संपवायचं असेल तर अर्धवट बंधनाचा रॅट घ्या, पहिला, चौथा आणि चौदावा दिवस धरा, आणि प्रत्येक जनावरात पोर्टल दाब, मेझेंटरिक प्रवाह व ग्लुकागॉन मोजा. रेनिन-अल्डोस्टेरॉन पहिल्या दोन टप्प्यांवर घ्या, चौदाव्याला फक्त तुलनेसाठी. औषध द्यायचं असेल तर दाब आणि प्रवाह दोन्ही मोजल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका. प्रोप्रानोलॉल या बीटा-ब्लॉकर औषधाचा धडा यासाठीच वाचा: 1985 मध्ये याच रॅटमध्ये दिसलं की त्याने पोर्टल प्रवाह चांगला उतरतो, पण आडवाटांचा रोध वाढतो आणि दाब त्या मानाने कमी उतरतो. नुसता दाब मोजणाऱ्याला वाटलं असतं की औषध दुबळं आहे, आणि नुसता प्रवाह मोजणाऱ्याला वाटलं असतं की काम फत्ते.